खोली गच्चीवर, जीव ओसरीवर

ताई, नमस्कार.

मी गंगाखेडची, वय ४७. वाकळा शिवते. आईच्या हाताखाली शिकले. लग्न होऊन आले तेव्हापासून घरच्यासाठी शिवल्या, मग भावकीतल्या लेकींच्या बाळंतपणाला दिल्या आणि आता काही वर्षांपासून संभाजीनगर-पुण्याहून ऑर्डरी येतात. आमचं पुढचं घर माळवदाचं आहे, मागे स्लॅबच्या दोन खोल्या. मी पुढच्या ओसरीवर बसून शिवायची. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांना बारीक दिसत नाही, पण जुन्या लुगड्यांचे काठ त्याच उसवतात आणि कोणतं कापड आत घालायचं, कोणतं वर, हे हातानं चाचपून सांगतात. अडचण एकच होती. पाहुणा आला की सगळं गुंडाळा, गेला की पुन्हा पसरा. एकदा वैतागून मी ह्यांच्यापुढे बोलून गेले.

हे मागच्या वर्षी शाळेतून रिटायर झाले. आईच्या दुखण्यामुळे मी महिनाभर माहेरी होते, तेवढ्यात ह्यांनी गच्चीवर माझ्यासाठी दहा बाय दहाची पत्र्याची खोली बांधून घेतली. टेबल, फिरती खुर्ची, कपाट, नवी शिलाई मशीन, ट्यूबलाईट, पंखा, दारावर माझ्या नावाची पाटी. पाहून मी आनंदानं रडले होते.

पण ताई, माझा हात वर चालतच नाही. उन्हाळ्यात तर तिथं बसवत नव्हतं. टेबलावर काम होत नाही. सासूबाईंना जिना चढवत नाही. त्या म्हणतात, "वर कशाला जायलीस, इथंच बस की." तीन आठवड्यांत होणारी वाकळ दोन महिने झाले तरी पुरी होत नाही. हे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं खोली दाखवतात. मुलगी म्हणते, बाबांनी एवढं केलं तरी तुझं समाधान नाही. ह्यांना सांगू कसं? की खोट माझ्यातच आहे?

— एक वाचक, गंगाखेड

ताई,

आधी टेप घ्या आणि खोलीतली मोकळी भुई मोजा. भिंतीपासून भिंतीपर्यंतचं माप नको. टेबल, कपाट आणि मशीन सोडून खाली जे उरतं तेवढंच मोजा. मोठी वाकळ सात फूट लांब आणि पाच फूट रुंद धरली आणि भोवती बसायला-सरकायला दोन-दोन फूट सोडले, तरी अकरा बाय नऊ फूट सलग जागा लागते. दहा बाय दहाच्या रिकाम्या खोलीतसुद्धा ती तंतोतंत बसत नाही, मग भरलेल्या खोलीत कुठून बसणार? तुमच्या हाताला काही झालेलं नाही. ती खोली वाकळेच्या मापाची नाही, एवढंच.

तुमचे यजमान जन्मभर शिक्षक होते. त्यांच्या लेखी काम म्हणजे टेबल, खुर्ची, वर नीट उजेड आणि दारावर नाव. आपल्याला कामासाठी जे सगळ्यात चांगलं मिळावंसं वाटलं असतं, ते त्यांनी तुम्हाला दिलं. आपल्याकडे बायकोच्या शिवणटिपणाला 'काम' म्हणणारी माणसं किती आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी ते म्हटलं आणि रिटायरमेंटच्या पैशांतून म्हटलं. हे मी फार मोठं मानते. पुढचं सगळं हे धरूनच वाचा.

पण वाकळ टेबलावर होत नाही. खालचं कापड भुईवर अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून ताणायचं, त्यावर जुन्या लुगड्यांचे थर सुरकुती न पडू देता लावायचे, वरचं कापड घालून कच्चे टाके मारायचे आणि मग कडेपासून धावदोरा घालत आत आत सरकत जायचं. आतला थर जरा सरकला तर ते डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला कळतं. त्यासाठी अख्खं अंग कापडाजवळ लागतं. फिरत्या खुर्चीत बसून हे कसं जमावं?

काम आपली जागा आपण निवडतं. आपल्या अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहायला कापडाची लांबलचक पासोडी घेतली आणि ती अंबाजोगाईत आजही जपून ठेवलेली आहे. ती पासोडी लिहिणाऱ्यालाही मेजापेक्षा पसरायला जागाच जास्त लागली असणार. तुमच्या बाबतीत तर शंकाच नको.

आता उन्हाचं. पत्रा पातळ असतो. ऊन पडलं की थोड्या वेळात तो बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि ती धग सरळ डोक्यावर उतरते. पंखा तीच तापलेली हवा फिरवत बसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३च्या घरात जातो, तेव्हा भर दुपारी पत्र्याखाली बसणं हा सहनशक्तीचा प्रश्नच नाही, जिवाला धोका आहे. चक्कर, डोकेदुखी, मळमळ झाली असेल तर ती उन्हाची होती, तुमच्या नावडीची नव्हती. याउलट तुमची ओसरी पाहा. वर लाकडी सर म्हणजे तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर आणि भोवती दगडमातीच्या रुंद भिंती. ऊन आत पोचेपर्यंत दिवस कलायला लागतो. तुम्ही आधीपासूनच घरातल्या सगळ्यात गार जागी बसत होतात.

माप आणि ऊन या दोन गोष्टी यजमानांना सांगायला सोप्या आहेत, कारण त्यात कुणाचं मन येत नाही. तिसरी गोष्ट तुम्ही पत्रात अर्धीच लिहिली आहे. वर गेलात की हात सुईवर असतो आणि कान खाली. दूध गॅसवर आहे का, दार कोण वाजवतंय, सासूबाईंनी हाक मारली का? ओसरीवर हे सगळं बसल्या जागी कळायचं, काम न थांबवता. वर गेल्यावर प्रत्येक आवाजासाठी उठावं लागतं, किंवा न उठता मनात धरून ठेवावं लागतं. दुसरं जास्त थकवतं. घराची राखण तुमच्याकडेच राहिली आणि तुम्ही मात्र गच्चीवर, असं झालंय.

आणि सासूबाई. लुगडं हातात घेऊन त्या सांगतात, हे आत घाल, हे वर घे. विरलेलं सुती कापड आत गेलं तर अंगाला लागत नाही आणि ऊब धरतं. वर घातलं तर चार धुण्यांत फाटतं. हे बोटांना कळायला एक जन्म जातो आणि तो त्यांचा गेलेला आहे. तुमच्या ऑर्डरी येतात त्यात त्यांचा वाटा आहे. खोली वर गेली तेव्हा तुम्हाला जागा मिळाली, पण त्यांचं काम गेलं, सोबतही गेली. "इथंच बस की" हे त्या नुसतं मायेनं म्हणत नसाव्यात. दुपार त्यांनाही जड जात असेल.

तुम्ही तर जनाबाईंच्या गावच्या. बायकांनी जात्यावर ज्या ओव्या रचल्या त्या पहाटे, पुष्कळदा समोर दुसरी बाई खुंट्याला हात लावून बसलेली असताना. एक ओळ हिची, पुढची तिची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि त्यात आपल्या माजलगावच्या बायकांच्याही आहेत. इतकी मोठी निर्मिती चालत्या घरात, सोबतीनं झाली. तुमचं कामही त्याच जातीचं आहे.

यावरून कुणी म्हणेल की बाईला वेगळी खोली कशाला, ओसरी बस झाली. असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. जातं बायकांनी निवडलं नव्हतं, ते त्यांच्या वाट्याला आलं होतं. जिला कविता लिहायची आहे, गाण्याचा रियाज करायचा आहे, चित्र ओलं ठेवून उठायचं आहे, तिला बंद होणारं दार हवंच आणि ते घरानं दिलंच पाहिजे. कडी लावता येईल असा कोपरा मागणाऱ्या मुलींची पत्रं माझ्याकडे येतात आणि त्यांच्या घरच्यांशी भांडावंसं वाटतं. तुमची गोष्ट वेगळी एवढ्याचसाठी की तुम्हाला दार नकोय. पसरायला भुई हवी आहे, जवळ एक माणूस हवं आहे आणि पाहुणा आला तरी उचलावं लागू नये असं ठरलेलं हवं आहे. तुम्ही वैतागून बोललात ते या शेवटच्या गोष्टीवर. यजमानांना मात्र ऐकू आलं, 'जागा नाही'.

तर सांगायचं कसं?

"मला खोली आवडली नाही" असं म्हणू नका, कारण ते खरं नाही. मुलीसमोर नको, पाहुणे गेल्यावर लगेच नको. सकाळचा चहा होऊन घर शांत असेल तेव्हा त्यांना ओसरीवर बोलवा. अर्धी झालेली वाकळ खाली आणून पसरलेली असू द्या. आणि म्हणा, "अहो, माझ्या कामासाठी तुम्ही एवढं कराल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण हे काम कसं होतं ते मी तुम्हाला कधी दाखवलंच नाही. आज तासभर बसा माझ्याजवळ." मग नेहमीसारखं शिवा. सासूबाईंना त्यांचं काम करू द्या. तास होऊन गेला की टेप काढा, एक टोक त्यांच्या हातात द्या आणि आधी वाकळ मोजा, मग वर जाऊन भुई मोजा. शिक्षक माणूस आहे. डोळ्यांनी पाहिलेलं गणित त्यांना समजवावं लागणार नाही.

त्यांना वाईट वाटेल. वाटू द्या. एक-दोन दिवस गप्प राहतील, तेव्हा घाबरून "नाही, तसं काही नाही, मी बसते वर" असं म्हणून माघार घेऊ नका. मला तर वाटतं, तुम्ही वर कमी जाता हे त्यांना केव्हाच दिसलं असेल आणि विचारायची हिंमत होत नसेल. तुम्ही दोघं एकमेकांचं मन जपायच्या नादात गप्प आहात आणि त्या गप्प बसण्यात एक वाकळ दोन महिने अडकून पडली आहे.

मग त्यांच्याकडे मागायचं ते मागा. ते खोलीपेक्षा मोठं आहे. दुपारी एक ते चार घर त्यांचं. दार तेच उघडतील, फोन तेच घेतील, आईला गोळी-पाणी तेच देतील, दूध तेच तापवतील. पाहुणा आला तर त्याला मागच्या स्लॅबच्या खोलीत बसवतील आणि चहाही ठेवतील. ओसरीवरची वाकळ त्या वेळात उचलली जाणार नाही, कुणीही येवो. हे एकदा घरात ठरलं की भावकीलाही कळतं. पहिले काही दिवस लोक नाक मुरडतील, मग त्यांनाही सवय होईल. येवल्यात पुष्कळ पैठणी विणकरांचा माग घरातच असतो. मागावर बसलेला एकटा दिसतो, पण धोट्यातली कांडी संपली की पुढची भरून ठेवलेली लागते आणि ती पुष्कळदा घरातलंच माणूस भरतं. मदत म्हणजे मला तरी तेवढंच कळतं. ज्याचं काम चाललंय त्याला उठायला न लावणं.

यजमानांबद्दल आणखी एक सांगते. रिटायर झाल्यानंतरचं पहिलं वर्ष शिक्षकाला फार अवघड जातं. सकाळी घंटा नाही, समोर पोरं नाहीत. त्या वर्षात त्यांनी हाती घेतलेलं पहिलं मोठं काम म्हणजे तुमची खोली. म्हणून ते ती सगळ्यांना दाखवत असावेत. ती नको म्हटल्यावर हात पुन्हा रिकामे होणार असतील तर नुसतं समजावून भागणार नाही, त्यांच्या हातात काम आलं पाहिजे. आणि तुमच्याकडे ते आहे. ऑर्डरी कोण लिहून ठेवतं? कुणाचं माप काय, पैसे किती आले, किती बाकी, दोऱ्याला-कापडाला किती गेले, एका वाकळेला खरे किती दिवस लागले? तुमच्या पत्रावरून वाटतं की हे सगळं डोक्यात आहे. ते वहीत यायला हवं. तयार वाकळेचे उजेडात फोटो काढणं, गिऱ्हाईकाला पाठवणं, नीट घडी घालून पार्सल बांधणं, कुरिअरवाल्याकडे नेऊन देणं, हे काम शिस्तीच्या माणसाचं आहे. आणि त्याला टेबल, खुर्ची, कपाट, उजेड सगळं लागतं. वरची खोली तुमच्या धंद्याचीच राहील, फक्त तिथं बसतील ते. मशीनही वरच राहू द्या. ठिगळं जोडायची, कडेच्या पट्ट्या मारायच्या ते सकाळच्या वेळी वर जाऊन करा. दिवाळीनंतर परभणीकडची थंडी पडली की दिवसा तापलेला पत्रा उलट बरा वाटेल. तेव्हा टेबल भिंतीला सरकवून लहान बाळांच्या दुपट्याएवढ्या वाकळा तिथं होतील.

पाटी मात्र खाली आणा. पुढच्या दाराला लावा, रस्त्यावरून दिसेल अशी.

ओसरीसाठीही एक काम त्यांना सांगा. माळवदाच्या सराला पाळण्याच्या कड्या असतात, तुमच्याकडेही असतील. दोन कड्यांतून दोर ओवून त्याला वाकळेच्या रुंदीचा बांबू टांगायचा. दिवस संपला की वाकळ सुया-दोऱ्यासकट बांबूवर टाकायची आणि दोर ओढून वर घ्यायची. घडी मोडत नाही, कच्चे टाके निघत नाहीत, रात्री अंथरुणाला जागा मोकळी होते. कड्या जुन्या असतील तर आधी ओढून पाहा आणि सर कुठं वाळवीनं खाल्लेला नाही ना, हे सुताराला दाखवा. ओली वाकळ त्यावर कधीही टाकू नका, तिचं वजन दुपटीच्या वर जातं. वरची ट्यूबलाईटही ओसरीवर आणा, वर दुसरी लावता येईल. सासूबाईंच्या बाजूनं उजेड पडेल अशी लावा. कमी दिसतं म्हणजे अजिबात दिसत नाही असं नव्हे, उजेडानं त्यांना फरक पडेल.

त्यांच्या हातात प्रत्येक वाकळेमागे काही पैसे ठेवा. त्या नको म्हणतील, मग देवापुढे ठेवतील, नातवंडांना वाटतील. त्यांचं त्या पाहतील. पण ठेवा. त्यांनी उसवलेल्या काठांचेही पैसे गिऱ्हाईक देत असतं.

मुलीशी एकदा वेगळं बोला. तिला बापाच्या पैशांची आणि कष्टाची काळजी आहे, त्यात गैर काही नाही. पण तिला सांगा की मिळालेली भेट उपयोगी पडत नसेल तर तसं म्हणणं हा कृतघ्नपणा नाही. उद्या तिच्या सासरी कुणी प्रेमानं तिच्यासाठी काहीतरी चुकीचं करेल आणि तेव्हा तिला बोलता आलं पाहिजे. ते ती तुमच्याकडे बघूनच शिकणार आहे. लोक काय म्हणतील याचा विचार मी तरी फार करणार नाही. ज्यांच्या घरात बाळंतपणात तुमच्या वाकळा गेल्या, ती माणसं तुम्हाला ओळखतात.

खोलीचं एक काम पुढच्या उन्हाळ्याआधी करून घ्या, कारण आता तिथं यजमान बसणार आहेत आणि ऊन त्यांनाही सोडणार नाही. पत्र्यावर वरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारा, पहाटे पत्रा गार असताना. पावसानं तो धुऊन जातो, म्हणून दर वर्षी होळीच्या सुमारास पुन्हा. आतून बांबूच्या तट्ट्यांचं छत करा. समोरासमोर खिडकी नसेल तर एक पाडून घ्या. तयार वाकळा कपाटात ठेवताना पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, नाहीतर ओल धरेल. आणि तट्टे पत्र्याला टेकवून बसवू नका, मध्ये वीतभर फट ठेवून दोन्ही टोकांनी हवा जायला जागा सोडा. मिस्त्री फट सोडायचा कंटाळा करतात, म्हणून तेव्हा तिथं कुणीतरी उभं राहा.